वऱ्हाडातील कुटुंब, प्रतिष्ठा आणि विषमता
ताराबाई शिंदे ह्यांच्या निबंधाच्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

सन १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ ह्या नावाचा एक लहानसा निबंध छापला गेला. प्रती पाचशे आणि किंमत नऊ आणे. लेखिका ताराबाई शिंदे ह्या वऱ्हाडातील बुलढाणा येथील राहणाऱ्या. ह्या निबंधाने त्या वेळी काही रोष ओढवून घेतला, आणि पुढे तो विस्मृतीत गेला. स. गं. मालशे ह्यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला, आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन ह्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद विस्तृत प्रस्तावनेसह प्रकाशित केला. तेव्हापासून स्त्रीविषयक विचाराच्या इतिहासात ताराबाईंचे स्थान निश्चित झाले आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू मात्र त्या स्थानाची पुन्हा एकदा मांडणी करण्याचा नाही. ज्या समाजात हा निबंध लिहिला गेला त्या वऱ्हाडी समाजाच्या रचनेकडे निबंधाच्या आधारे पाहावे, आणि त्या रचनेच्या आधारे पुन्हा निबंधाकडे पाहावे, इतकाच येथे उद्देश आहे. सामाजिक विषमतेचा विचार करताना आपण वर्ग, जात आणि स्त्री-पुरुषभेद ही तीन प्रकरणे वेगवेगळी करतो. अभ्यासाच्या सोयीसाठी असे करणे भाग असते. परंतु ही तिन्ही जेथे एकत्र नांदतात ती संस्था म्हणजे कुटुंब, आणि तिच्याकडे आपले लक्ष पुष्कळदा सर्वांत शेवटी जाते.

ह्या लेखात जे प्रतिपादन करावयाचे आहे ते आरंभीच सांगणे बरे. आर्थिक उन्नती झाली की कुटुंबातील स्त्रीची स्थिती आपोआप सुधारते, असा एक सर्वसाधारण समज आहे. वऱ्हाडचा इतिहास ह्या समजाला पुष्टी देत नाही. येथे घराची पत वाढली तेव्हा घरातील स्त्री शेतातून माजघरात गेली. पत घसरली तेव्हा तीच स्त्री मजुरीला निघाली. आणि दोन्ही अवस्थांत जमिनीच्या कागदावर तिचे नाव नव्हते. विषमतेचे मूळ ह्या तिसऱ्या गोष्टीत आहे. पहिल्या दोन्ही अवस्था तिच्यातून निघतात.

२. कापसाचा मुलूख

वऱ्हाड प्रांत निजामाने १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला. कायद्याच्या दृष्टीने मुलूख निजामाचाच राहिला. कारभार मात्र इंग्रजांचा झाला. अमरावती आणि अकोला ही ह्या कारभाराची दोन प्रमुख ठाणी होत. १९०२ मध्ये हा प्रांत कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन घटना महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे १८६१ पासून सुरू झालेली जमिनीची मोजणी व प्रतबंदी. ती मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीच्या धर्तीवर झाली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, आकार ठरला, आणि आकार भरणाऱ्याचे नाव खातेदार म्हणून नोंदले गेले. खातेदाराला जमीन विकण्याचा व गहाण ठेवण्याचा अधिकार मिळाला. पूर्वी गावाच्या व्यवहारात जमिनीवर अनेकांचे अनेक प्रकारचे हक्क गुंतलेले असत. आता एका कागदावर एक नाव आले. ते नाव, अपवाद सोडल्यास, घरातील कर्त्या पुरुषाचे होते.

दुसरी घटना दूरच्या देशात घडली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. दक्षिणेकडील संस्थानांतून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी अपूर्व भाव आला. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली, आणि तिच्यासाठी खुद्द लॉर्ड मेयो खामगावास आले. येथे एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. ज्या युद्धाने अमेरिकेतील काळ्या गुलामांची मुक्तता केली त्याच युद्धाने वऱ्हाडच्या काळ्या जमिनीची किंमत वाढविली. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना त्यांच्या दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल अर्पण केला. वंशभेद आणि जातिभेद ह्यांची तुलना मराठीत अशा रीतीने फार लवकर झाली. आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे विचार बुलढाण्यातील एका घरापर्यंत पोहोचले होते, हे आपण पुढे पाहणार आहोत.

कापसाच्या ह्या तेजीचा घरातील श्रमविभागणीवर काय परिणाम झाला? कापसाच्या पिकात स्त्रीचे श्रम आरंभापासून अखेरपर्यंत असतात. तिफणीमागे सरत्याने बी सोडणे, निंदण, आणि मुख्य म्हणजे वेचणी ही कामे स्त्रियांची. सरकी काढणे आणि सूत कातणे हीही पूर्वी घरोघर स्त्रियांचीच कामे होती. विलायती कापड आणि यंत्राचे जिन आल्यावर ही शेवटची दोन कामे घरातून गेली. कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नॅक ह्यांच्या अहवालात तर अशी स्पष्ट अपेक्षा दिसते की, विलायती कापड स्वस्त पडून येथील कातणारे व विणणारे मोकळे होतील आणि ते शेतीच्या कामाला लागतील. ह्या धोरणाची झळ कोष्ट्याला लागली हे आपण जाणतो; परंतु कातणारा हात बहुधा स्त्रीचा होता, ही गोष्ट सहज दृष्टीआड होते. कातण्याचे काम घरी बसून, फुरसतीच्या वेळी होत असे. ते गेल्यावर गरीब घरातील स्त्रीला उरले ते दुसऱ्याच्या शेतातील वेचणी आणि जिनमधील रोजंदारी. जिनमध्ये यंत्राला कपाशी पुरविण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असे. हंगामी, धुळीचे आणि कमी मजुरीचे काम, असे त्याचे स्वरूप होते.

३. प्रतिष्ठेची किंमत

गरीब घरातील स्त्री अशी बाहेर पडत असता सधन घरातील स्त्री आत जात होती. वऱ्हाडातील देशमुख आणि मोठे पाटील ह्यांच्या घरांत बायकांनी शेतात जाऊ नये, परपुरुषासमोर येऊ नये, आणि विधवेचा पाट लावू नये, असे संकेत होते. कुणबी समाजात मात्र पाट रूढ होता; विधवा स्त्री दुसरा घरोबा करू शकत असे. कापसाच्या पैशाने जी कुणबी घरे वर आली त्यांच्यापुढे प्रतिष्ठेचा नमुना होता तो देशमुखी घराचा. सोयरीक वरच्या घरी जमवावयाची तर आपल्या घरची चालही तशीच दाखविणे प्राप्त होते. म्हणून घरची बाई शेतातून काढून घेणे आणि पाट बंद करणे ह्या दोन गोष्टी उन्नतीच्या खुणा ठरल्या.

समाजशास्त्रात ह्या प्रक्रियेला आज आपण संस्कृतीकरण म्हणतो. म. ना. श्रीनिवास ह्यांनी कूर्ग लोकांवरील १९५२ च्या ग्रंथात ही संज्ञा रूढ केली. परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार, आणि तोही स्त्रीच्या संदर्भात, त्यापूर्वी छत्तीस वर्षे डॉ. आंबेडकर ह्यांनी मांडला होता. कोलंबिया विद्यापीठात मे १९१६ मध्ये वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात त्यांनी असे दाखविले की, जातीचे सार म्हणजे जातीच्या आतच विवाह करण्याचे बंधन; ते टिकवावयाचे तर पती निवर्तल्यावर उरलेल्या स्त्रीचे काय करावयाचे हा प्रश्न समाजापुढे उभा राहतो; आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही त्या प्रश्नाची उत्तरे होत. ह्या रूढी वरच्या जातीत उत्पन्न झाल्या आणि अनुकरणाने खाली पसरल्या, असेही त्यांनी म्हटले. अर्थात् स्त्रीवरील बंधने हा जातिव्यवस्थेचा आनुषंगिक दोष नसून ती व्यवस्था चालविणारे यंत्रच आहे.

श्रीनिवास ह्यांची संज्ञा प्रक्रियेचे वर्णन करते; आंबेडकरांचे विवेचन तिची किंमत कोण देतो हे सांगते. वऱ्हाडच्या उदाहरणात ह्या दोहोंना जमिनीची जोड द्यावी लागेल. विधवेच्या पाटाला केवळ लोकलज्जेमुळे विरोध होत नव्हता. पाट लावणारी स्त्री पहिल्या नवऱ्याच्या घरावरील हक्क आणि सामान्यतः मुलेही मागे ठेवून जात असे. इंग्रजी कायद्याने ह्या रूढीला वेगळेच वजन दिले. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह वैध ठरविला, परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. ज्या जातींत पुनर्विवाहाची रूढी आधीपासूनच होती त्यांनाही हे कलम लागू पडते, असा निर्णय मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालयांनी दिला. अलाहाबादचे मत निराळे होते. हे कलम त्या कायद्यासह १९८३ मध्येच रद्द झाले.

ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, विधवा अविवाहित राहिली तर तिला एकत्र कुटुंबात पोटगी, आणि तिने पुन्हा घर मांडले तर काहीच नाही. जमिनीला भाव नव्हता तोवर ह्या फरकाचे महत्त्व मर्यादित होते. कापसाने जमिनीला भाव आणला, आणि खातेदारीने ती विकण्याजोगी केली. तेव्हा विधवेच्या चारित्र्याविषयीची समाजाची आस्था आणि तिच्या वाट्याच्या जमिनीविषयीची भाऊबंदांची आस्था ह्या दोहोंना वेगळे काढणे कठीण होऊन बसले.

४. ताराबाईंचा युक्तिवाद

ताराबाईंचा जन्म सुमारे १८५० चा. वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांचा सत्यशोधक समाजाशी संबंध होता. मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. ताराबाईंचे लग्न झाले ते घरजावई पाहून. त्यांना मूलबाळ झाले नाही. म्हणजे एकीकडे नव्या राज्यकारभारात शिरलेले, शिक्षण घेतलेले घर. आणि दुसरीकडे प्रतिष्ठित मराठा घराच्या चालीरीती. आपण अशा घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या आहोत, असे त्यांनी स्वतःच निबंधाच्या आरंभी सुचविले आहे.

निबंधाला निमित्त झाले ते सुरतच्या खटल्याचे. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःच्या अनौरस अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्याची, आणि पुढे पाच वर्षांची झाली. ह्या खटल्यावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीच्या नीतीविषयी पुष्कळ लिहिले गेले. ‘पुणे वैभव’ पत्रातील लेखनाने ताराबाई प्रक्षुब्ध झाल्या आणि त्यांनी उत्तर लिहिले.

त्यांच्या उत्तराची तऱ्हा मात्र तत्कालीन सुधारकांच्या तऱ्हेहून निराळी आहे. सुधारक विधवेची करुणा भाकीत आणि शास्त्रात पुनर्विवाहाला आधार आहे की नाही ह्याचा काथ्याकूट करीत. ताराबाई शास्त्राचा आधार शोधीत नाहीत. त्या विचारतात की शास्त्र लिहिले कोणी? नियम करणारा पुरुष, त्याचा अर्थ लावणारा पुरुष, तो मोडल्यास शिक्षा देणारा पुरुष, आणि नियम पाळावयाचा तो स्त्रीने. बायको मेल्यावर दहाव्या दिवशीही पुरुषाला दुसरी करता येते. नवरा मेल्यावर स्त्रीने काय पाप केलेले असते? सावित्री पतीसाठी यमापर्यंत गेली; पत्नीसाठी असा कोणी पती गेल्याचे ऐकिवात आहे काय? पतीला देव मानावयाचे तर त्याने देवासारखे वागणे नको काय? संस्कृत सुभाषितात स्त्रीचे जे दोष गणले आहेत ते एकेक घेऊन त्या पुरुषाच्या पदरी बांधतात. तत्कालीन नाटक-कादंबऱ्यांत स्त्रीचे जे चित्र रंगविले जाई त्याचाही त्या समाचार घेतात. भाषा घरगुती, धारदार आणि म्हणींनी भरलेली आहे. परंतु तिच्या आड एक सुसंगत पद्धत आहे. स्त्रीपुरुषांच्या दोषांची तुलना हे केवळ साधन आहे. सिद्ध करावयाचे आहे ते हे की, दोष समान असता दंड असमान का, ह्याचे उत्तर स्वभावात नसून सत्तेत आहे.

विजयालक्ष्मीच्या प्रकरणाचा उलगडा त्या ह्याच रीतीने करतात. विधवेला पुनर्विवाहाची बंदी घालणारे, तिला फसविणारे, फसवून नामानिराळे राहणारे आणि शेवटी न्यायासनावर किंवा संपादकाच्या खुर्चीवर बसून तिचा न्याय करणारे हे सर्व एकाच वर्गातील आहेत. गुन्हा एका स्त्रीचा दिसतो, पण तो घडविणारी रचना सामुदायिक आहे. आज आपण ज्याला संरचनात्मक स्पष्टीकरण म्हणतो ते ह्याहून वेगळे नाही.

येथे कालक्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. जॉन स्टुअर्ट मिल ह्यांचा स्त्रियांच्या दास्यावरील ग्रंथ १८६९ चा. कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था ह्यांच्या उगमावरील एंगल्सचा ग्रंथ १८८४ चा. ताराबाईंचा निबंध ह्या दोहोंच्या मध्ये पडतो. मिल कायद्याने समानता मागतो. एंगल्स कुटुंबाचे रूप मालमत्तेशी जोडतो. ताराबाईंपाशी ह्यांपैकी कोणाचीही परिभाषा नाही. त्यांच्यापाशी आहे ते कुटुंबाचे आतून घेतलेले दर्शन, आणि त्या दर्शनाच्या बळावर त्या मिलच्या प्रश्नापासून निघून एंगल्सच्या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत येतात.

वऱ्हाडच्या दृष्टीने निबंधातील सर्वांत मोलाची जागा वेगळीच आहे. पुनर्विवाहाची बंदी आता ब्राह्मणांपुरती राहिली नसून इतर प्रतिष्ठित घरांतही शिरली आहे, हे ताराबाईंनी पाहिले आणि सांगितले. आपण मागील भागात ज्या प्रक्रियेचे वर्णन केले तिची ही प्रत्यक्ष साक्ष होय, आणि ती प्रक्रियेच्या बाहेर उभ्या असलेल्या निरीक्षकाची नसून तिची किंमत देणाऱ्या घरातील स्त्रीची आहे. त्याचबरोबर विलायती मालाने कारागिरांचा धंदा बुडाला आणि पुरुषांच्या हातचे कर्तृत्व गेले, असाही एक धागा निबंधात आहे. बाहेर पराक्रम उरला नाही तो पुरुष घरात स्त्रीवर सत्ता गाजवितो, हा त्यातून निघणारा अर्थ वसाहतीच्या समाजशास्त्रात पुढे फार महत्त्वाचा ठरला.

ह्या निबंधावर टीका झाली ती केवळ सनातन्यांकडून नव्हे. १८८५ मध्ये फुल्यांना ‘सत्सार’ ह्या आपल्या नियतकालिकात ताराबाईंची बाजू घेऊन स्वतःच्या सहकाऱ्यांनाही चार शब्द सुनवावे लागले. जातीच्या विषमतेविरुद्ध लढणारा पुरुष घरातील विषमतेपाशी थबकतो, हा अनुभव चळवळीच्या पहिल्या बारा वर्षांतच आला. ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही.

५. निबंधाबाहेर राहिलेली स्त्री

ताराबाईंच्या निबंधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे ती कोंडलेली स्त्री. वेचणीला जाणारी, जिनमध्ये राबणारी स्त्री तेथे नाही. ह्या दुसऱ्या स्त्रीला पाटाची मोकळीक होती आणि घराबाहेर पडण्याची मनाई नव्हती. परंतु तिची ही मोकळीक दारिद्र्याची होती. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी हे निर्दयपणे दाखवून दिले. १८६७ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २२ लाख होती, १८९१ मध्ये ती सुमारे २९ लाखांपर्यंत चढली, आणि १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांच्या आसपास खाली आली. ज्या प्रांताचा उल्लेख हिंदुस्थानातील अत्यंत सधन प्रांतांत होई, तेथे दहा वर्षांत लोकसंख्या घटली. अन्नाच्या पिकाची जागा कापसाने घेतली होती. पैसा होता तोवर धान्य विकत मिळे, पैसा संपला तेव्हा मजुरापाशी काहीच नव्हते. सावकाराकडे गेलेल्या जमिनीबरोबर कित्येक खातेदार घरांची प्रतिष्ठाही गेली, आणि त्या घरांतील स्त्रिया रोजंदारीवर आल्या. माजघर आणि मजुरी ह्यांत वाटले होते तितके अंतर नव्हते.

जातीच्या प्रश्नाला वऱ्हाडात विसाव्या शतकात वाचा फुटली. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावती येथे डॉ. आंबेडकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीचे मंदिर खुले व्हावे हा तिचा प्रमुख विषय होता. पापळ येथील शेतकरी घरातून आलेले डॉ. पंजाबराव देशमुख मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी स्वतः आंतरजातीय विवाह केला, आणि १९३२ मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले. गाडगे महाराजांचे कीर्तनही ह्याच मातीतले. कर्ज, दारू, हुंडा आणि शिवाशिव ह्यांवर त्यांनी एकाच दमात प्रहार केले. मंदिर, शाळा आणि कर्ज ह्या सार्वजनिक विषमता होत, आणि त्यांच्याविरुद्ध बहुजन समाजाने दिलेला लढा सर्वथा गौरवास्पद आहे. परंतु ह्या यादीत घरातील वाटणीचा प्रश्न मागेच राहिला.

तो पुढे आणला दलित स्त्रियांनी. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. परिषदेचे ठराव अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखे आहेत. घटस्फोटाचा अधिकार कायद्याने मिळावा; बहुपत्नीत्व बंद व्हावे; कामकरी स्त्रियांना रजा व संरक्षण मिळावे; गिरण्यांत स्त्रियांवर देखरेख करण्यास स्त्रियाच नेमाव्या; मुलींच्या शिक्षणाची सोय व्हावी; विधिमंडळांत स्त्रियांना प्रतिनिधित्व असावे. विवाह, मजुरी, शिक्षण आणि राजकीय सत्ता ह्या चार गोष्टी एकाच यादीत, एकाच दिवशी मांडल्या गेल्या. ताराबाईंनी कुटुंबाची चिकित्सा केली होती, पण मजुरी तिच्या बाहेर राहिली होती. ज्या स्त्रियांच्या वाट्याला जात, मजुरी आणि नवऱ्याची सत्ता ही तिन्ही एकदम आली होती, त्यांना ह्यांतील एकच प्रश्न निवडून दुसरे बाजूस ठेवणे शक्यच नव्हते. साठ वर्षांच्या अंतराने एकाच प्रदेशातील दोन निराळ्या थरांतून आलेली ही दोन विवेचने एकमेकांना पूर्ण करतात.

६. कागदावरील नाव

आता ज्या तिसऱ्या गोष्टीत विषमतेचे मूळ आहे असे आपण म्हटले, तिच्याकडे वळू. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत तिच्या हयातीपुरता हक्क दिला. परंतु तो प्रांतांतील शेतजमिनीला लागू पडत नाही, असा निर्णय फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये दिला, आणि त्यासाठी प्रांतांना निराळे कायदे करावे लागले. शेतीवर जगणाऱ्या समाजात शेतजमीन वगळून मालमत्तेचा हक्क देणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगा, मुलगी आणि आई ह्यांना पहिल्या वर्गाचे वारस ठरविले. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हिस्सा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. चांदवडच्या १९८६ च्या शेतकरी महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम हाती घेतली; पतीने स्वेच्छेने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असा तिचा आशय होता, आणि अनेक गावांनी तिला प्रतिसाद दिला.

कायदा आणि चळवळ ह्यांनी केलेले हे कार्य लहान नव्हे. तथापि हक्क असणे आणि नोंद असणे ह्यांतील अंतर वऱ्हाडाने अलीकडे अत्यंत कटू रीतीने अनुभवले. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून येथील कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देशाचे लक्ष वेधले. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे वऱ्हाडचे पाचही जिल्हे होते. शेतकरी गेल्यावर मागे राहते ती त्याची विधवा. तिने त्या शेतात पेरणीपासून वेचणीपर्यंत राबलेले असते. परंतु सातबाऱ्यावर नाव पतीचे, नाही तर सासऱ्याचे असते. वारसाची नोंद व्हावयाची, फेरफार मंजूर व्हावयाचा, दिराची संमती मिळावयाची, तेव्हा तिला बँकेत शेतकरी म्हणून उभे राहता येते. तोपर्यंत ती शेतकऱ्याची विधवा असते, शेतकरी नसते. आणि शेती करणाऱ्या स्त्रीनेच जीव दिला, तर कागदावर नाव नसल्यामुळे तिचा मृत्यू शेतकऱ्याचा म्हणून मोजला जाण्याची अडचण पडते.

१८६१ च्या मोजणीने एका खात्यावर एक नाव लिहिले. त्या एका नावापासून निघालेली रेषा आजच्या ह्या विधवेपर्यंत सरळ येते.

७. उपसंहार

ह्या विवेचनावरून विषमतेच्या अभ्यासकाने दोन बोध घ्यावेत, असे वाटते. पहिला असा की, कुटुंब हे विषमतेच्या परिणामांचे केवळ आश्रयस्थान नव्हे. ते तिचे उत्पत्तिस्थानही आहे. वर्गाची उन्नती आणि जातीची प्रतिष्ठा ह्या दोन्ही गोष्टी कुटुंबातील स्त्रीच्या श्रमातून व बंधनातून घडतात. म्हणून एखाद्या गावाची किंवा जातीची प्रगती मोजताना कुटुंब हे एक अविभाज्य एकक धरून चालणार नाही. घराचे उत्पन्न किती, ह्याबरोबरच ते कोणाच्या नावावर, हा प्रश्न आपल्या प्रश्नावलीत असलाच पाहिजे. आणि कुटुंबप्रमुखाला भेटून परतणाऱ्या क्षेत्रकार्यकर्त्याने अर्धेच काम केले आहे, असे समजावे.

दुसरा बोध साधनांविषयीचा आहे. वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाची साधने म्हणून आपण गॅझेटियर, प्रतबंदीचे अहवाल आणि खानेसुमारीचे तक्ते ह्यांकडे वळतो. त्यांत कापसाच्या गाठी मोजलेल्या आहेत, आकार मोजलेला आहे, बैलही मोजलेले आहेत. वेचणाऱ्या हातांविषयी ती मूक आहेत, आणि माजघराविषयी तर त्याहून मूक. बुलढाण्याच्या कचेरीत एक हेडक्लार्क हे कागद तयार करीत असता त्याच्या घरात त्याची मुलगी त्या कागदांत न मावणारी हकीकत लिहीत होती. ते कागद आपण जपून ठेवले, आणि तिचे पुस्तक त्र्याण्णव वर्षे जवळजवळ विसरलो. ह्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी तालुक्यातालुक्यांतील फेरफार नोंदवह्या उघडाव्यात, आणि त्यांतील प्रत्येक वारसनोंदीशेजारी त्या घरातील स्त्रीची तोंडी हकीकत मांडावी. ताराबाईंनी केलेली तुलना पुढे नेण्याचा ह्याहून योग्य मार्ग दिसत नाही.